वैलावरचं पातेलं : इंदूरच्या मराठी घरांतली सारं, कढणं आणि राब

१८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापून निघालं. मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांत त्याचं नाव घेतात. आजच्या एखाद्या मुलाने ते नाव वाचून ‘सूप कसं करायचं याचं पुस्तक’ असा अर्थ काढला तर त्याला हसू नये. संस्कृतात सूप म्हणजे वरण, डाळीचं कालवण. सूपकार म्हणजे आचारी. म्हणून सूपशास्त्र म्हणजे सगळंच पाकशास्त्र. इंग्रजीतलं सूप निराळ्या वाटेने आलं. ते मुळात रश्शात बुडवलेल्या पावाच्या तुकड्याचं नाव होतं, मग हळूहळू रश्शालाच चिकटलं. दोन्ही शब्दांचं गोत्र वेगळं, पण पातेलं एकच. आणि तिसरं सूप आपल्या कोठीघरात भिंतीला टांगलेलं असायचं, धान्य पाखडायचं. त्याचा या लेखाशी एवढाच संबंध, की आधी त्यात पाखडलं जायचं ते नंतर वैलावर शिजायचं.

हे सगळं लिहायला कारण झालं मंडळातल्या एका वादाचं. हिवाळ्याच्या बैठकीला आलेले एक पाहुणे म्हणाले, इंदूरच्या मराठी जेवणाला स्वतःचा इतिहास नाही. पुण्याचं जेवण इथे आणलं, त्यात थोडा गूळ वाढवला आणि वर शेव टाकली, झालं. सगळे हसले, मीही हसलो. शेवेचं तर खरंच आहे. पण बाकीचं मला पटलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. आपल्या मंडळाने राजवाड्यावर, छत्र्यांवर, होळकरी नाण्यांवर उत्तम काम केलंय. चुलीवर काही केलेलं नाही. आणि चुलीचे कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात. जुनं घर बिल्डरला दिलं की सनदा आणि फोटो कोणीतरी उचलून नेतं, पण आजीची पाककृतींची, तेलाचे डाग पडलेली वही नेत नाही. म्हणून मी मुद्दाम ताटातला पातळ पदार्थ निवडला. भाकरी-पोळी सगळीकडे सारखीच असते. माणूस कुठून आला आणि कुठे रुजला, हे वाटीतल्या पातळात जास्त कळतं.

आधी थंडीबद्दल. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर. इथली थंडी काश्मीरची नाही, पण ती फसवी आहे. जानेवारीत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश, शर्टावर हिंडावं असं, आणि पहाटे दहाच्या आसपास. उत्तरेकडून लाट आली की पाचाच्याही खाली. म्हणजे ऊन उतरलं की तीन-चार तासांत माणूस स्वेटर शोधायला लागतो. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिची कीर्ती गातात, ती माळव्याची रात्र कविलोकांना सुखद वाटत असेल, पण जुन्या घरातल्या फरशीवर पाट मांडून जेवायला बसणाऱ्याला ती बोचायची. त्यामुळे इथे गरम पातळ पदार्थ हा रात्रीच्या जेवणाचा भाग झाला. दुपारी ताक, रात्री सार. पुण्याला दोन्ही वेळा आमटी चालते. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही वाटणी काटेकोर असायची.

आता माणसं. मल्हारराव होळकरांना १७३०च्या दशकात माळव्यातले हक्क मिळाले, तेव्हापासून मराठी माणूस इकडे येत राहिला. पण इंदूर हे मराठी शहर म्हणून भरलं ते १८१८ नंतर. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरची लढाई हरली, ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला, आणि तात्या जोगांच्या कारभारात राजधानी इंदुरात स्थिरावली. तलवारीचं काम संपलं, लेखणीचं सुरू झालं. फडणिशी, खासगी, जकात, मुलकी या सगळ्याला कारकून हवे होते, देवळांना पुजारी हवे होते, वाड्यांना आचारी हवे होते. ते देशावरून आले, कोकणातून आले, खानदेशातून तर सेंधव्याचा घाट चढून सरळच आले.

प्रत्येकाने आपापलं पातळ आणलं. कोकणातल्याने आमसुलाचं सार आणि कुळथाची पिठी. देशावरच्याने काळ्या मसाल्याची चिंच-गुळाची आमटी, हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे. खानदेशातल्याने तिखटजाळ रस्सा. आजाऱ्याला मुगाचं कढण मात्र सगळ्यांकडे एकच होतं, आणि ते फार जुनं. चरकसंहितेत शोधनानंतर रोग्याला हळूहळू जेवणावर आणायचा जो क्रम आहे, त्यात आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस येतो. आपलं कढण म्हणजे तो यूष. आजही इंदूरच्या घरात कोणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी मूग भिजत पडतात.

शब्दही बघण्यासारखे आहेत. कढण आणि कढी कढण्यातून आलेत, म्हणजे क्रियेवरून. आमटी आम्लावरून, म्हणजे चवीवरून. सार म्हणजे अर्क, आणि शेजारी कन्नडमध्ये सारु आहेच. रस्सा रसावरून. आणि कट म्हणजे पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं वर राहिलेलं पाणी, जे टाकून देणं कुठल्याही मराठी बाईला पाप वाटतं.

इथे वैलाबद्दल सांगायला हवं, कारण गॅस आल्यापासून हा शब्दच घरातून गेला. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी, आतून जोडलेलं दुसरं छोटं तोंड म्हणजे वैल. तिथे जाळ थेट येत नाही, झळ येते. मुख्य चुलीवर भाकऱ्या होईपर्यंत वैलावरचं पातेलं आपोआप शिजत आणि गरम राहत असे, त्याला वेगळं लाकूड लागत नसे. हिवाळ्यातली सारं आणि कढणं ही या वैलाची देणगी आहे. मंद, लांबलेली आच. पितळी पातेल्यात आंबट घालायचं तर कल्हई नीट हवी, नाहीतर कळकतं. म्हणून पावसाळा संपला की कल्हईवाल्याची वाट बघायची. कोकणातून आलेल्या काही घरांत सारासाठी दगडीही होती. ती जड, पण एकदा तापली की तासभर निवत नाही.

राजघराण्याच्या जेवणाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. अहिल्याबाईंबद्दल आपल्याला थोडं नक्की सांगता येतं, आणि ते सर जॉन माल्कममुळे. त्याचं ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ १८२३चं, म्हणजे बाई जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावरचं. पण त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती, आणि माल्कमने त्यांना विचारून लिहिलं. तो सांगतो, की बाई सूर्योदयाच्या तासभर आधी उठत, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन झाल्यावर स्वतः जेवत. जेवण शाकाहारी. त्यांच्या जातीला मांस वर्ज्य नव्हतं, तरी त्यांनी ते सोडलं होतं. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, मग दोन-तीन तास पूजाअर्चा आणि हलकासा फराळ, आणि नऊला पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत. त्या हलक्या फराळात काय असे हे माल्कम लिहीत नाही, आणि मी त्याच्या तोंडी सार घालणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याने दिलेली दुसरी नोंद : उन्हाळ्यात बाईंची माणसं वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर उभी असत आणि थंडी सुरू होताना त्या आश्रितांना आणि दुबळ्यांना कपडे वाटत. माळव्याची थंडी गरिबाला किती लागते, याची दखल घेतलेली ती नोंद आहे. पुढे राबेकडे येताना ती लक्षात ठेवा.

खरी अडचण आंबटाची झाली. माळव्यात गहू आहे, हरभरा आहे, तूर आहे, ज्वारी, मका, अफू, सगळं आहे. आमसूल नाही. ओला नारळ नाही. आणि ही दोन नसली की कोकणी सार उभंच राहत नाही. आधी वाटसरूंबरोबर आणि बैलगाड्यांतून यायचं ते किती येणार? मग तुकोजीराव दुसरे यांनी १८७०मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने. त्या दशकात पाताळपाणीच्या घाटातून मीटरगेज गाडी इंदुरात आली आणि खंडव्याला मुंबईच्या रुळांशी जोडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात ही ओळ कापूस आणि अफूच्या परिच्छेदात येते. माझ्या हिशेबी ती आमसुलाच्या परिच्छेदातही यायला हवी. माहेरून येणारं पार्सल – आमसुलं, सुकं खोबरं, कुळीथ, मेतकूट – यानंतर वर्षाला एकदोनदा तरी पोचू लागलं.

तरी रोजच्या साराला ते पुरणारं नव्हतं. मग इथल्या बायकांनी जे केलं तोच माझ्या मते इंदूरच्या मराठी जेवणाचा स्वतंत्र इतिहास आहे. आमसुलाच्या जागी चिंच, चिंचेच्या जागी कधी आमचूर, कधी ताक. ओल्या नारळाच्या दुधाच्या जागी आधी खोबऱ्याचं वाटण, आणि खोबरंही महाग पडलं की शेंगदाण्याचं कूट. उपासाची दाण्याची आमटी महाराष्ट्रात सगळीकडे आहे, पण आमच्याकडे ती उपास नसतानाही थंडीत होते, लाल तिखट घालून, बाजरीच्या भाकरीबरोबर. पुण्याच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

मांडूला गेलात तर तिथे रस्त्याच्या कडेला मोठ्या, मखमली कवचाच्या फळांचे ढीग दिसतील. खुरासानी इमली, म्हणजे आपली गोरखचिंच. झाड आफ्रिकेतलं, बुंधा हत्तीसारखा, शतकानुशतकं धार-मांडूच्या परिसरात उभं. फळाचा गर पांढरा, कोरडा, पिठूळ आणि आंबट. मी तो मुद्दाम आणून साराला वापरून पाहिला. चिंचेसारखा काळपट रंग येत नाही, सार फिक्कं राहतं आणि किंचित दाट होतं. गर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा, बिया आणि तंतू गाळून काढायचे, आणि उकळी फुटल्यावर शेवटी घालायचा. तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, गुळाचा खडा. कोकणातल्या कोणाला दिलंत तर तो आमसुलाचं म्हणणार नाही, पण वाटी परत पुढे करेल.

कुळथाचंही असंच झालं. माडगं आणि शेंगोळे हे हिवाळ्याचेच पदार्थ, कुळीथ उष्ण म्हणून. माडग्यासाठी हुलगे भाजून त्यांचं पीठ करायचं, ते पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, आणि गाठी होऊ न देता दाट होईतो ढवळायचं. काही घरं अजून करतात, पीठ नातेवाइकांकडून मागवून. पण माळव्याच्या काळ्या जमिनीत डिसेंबर-जानेवारीत जे हाताशी आहे ते हिरवा हरभरा. त्याला इथे छोड म्हणतात, मराठीत सोलाणे. सोलाण्यांची आमटी नगर-वऱ्हाडकडेही करतात, ती इंदूरची खासियत आहे असा दावा मी करत नाही. पण इंदुरात तिने कुळथाची रिकामी जागा घेतली, आणि आज थंडीत आमच्या घरांत पहिलं नाव तिचंच निघतं. शेजारच्या गुजराती-मारवाडी घरात त्याच छोडाची कचोरी होत असते, आपल्याकडे आमटी.

करायची अशी. दोन वाट्या सोलाणे चमचाभर तेलावर डाग पडेपर्यंत परतायचे, त्यातच चार हिरव्या मिरच्या, सात-आठ लसणीच्या पाकळ्या आणि चमचाभर जिरं. निवलं की पाऊण भाग जाडसर वाटायचं, पाव भाग अख्खं ठेवायचं. मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी, त्यात वाटण दोन मिनिटं परतायचं, काळा मसाला एक चमचा, आणि चार ते पाच वाट्या कढत पाणी. गार पाणी घातलंत तर चव पडते. पंधरा मिनिटं मंद उकळू द्यायची, मग मीठ आणि भरपूर कोथिंबीर. वाटलेल्या दाण्याचा दाटपणा येतो, वेगळं पीठ लावायला लागत नाही. थोडी वेळ ठेवली की घट्ट होते, तेव्हा रात्रीसाठी केली तर संध्याकाळी सैलसर ठेवावी.

आता राब. मका अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला, आणि माळवा-निमाड-मेवाडच्या पट्ट्यात असा रुजला की परका वाटेना. भुट्ट्याचा कीस सराफ्यात खाऊन आपण त्याचं कौतुक करतो. राबेचं कौतुक कोणी करत नाही, कारण ती शेतकऱ्याची. मक्याची भरड ताकात कालवायची, आणि तासभर मंद आचेवर शिजवायची. मराठी घरांत ती मागच्या दाराने आली : दळणकांडण करणारी बाई, दूधवाली, वाड्यावरचा माळी यांच्या ताटातून. माझ्या आजीच्या वहीत ती आहे, पण नाव ‘मक्याची पेज’ असं घातलंय. ‘राब’ म्हटलं असतं तर वन्सं हसल्या असत्या, असं तिनेच मला सांगितलं होतं. पाककृती मालवी, नाव कोकणी, आणि वर लसणीची तुपातली फोडणी, ती तिची स्वतःची. एका ओळीत दीडशे वर्षांचं स्थलांतर मी याहून चांगलं कुठे वाचलेलं नाही.

पण राबेला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल न बोलता ‘पौष्टिक पारंपरिक सूप’ म्हणून तिचे फोटो टाकणं मला खटकतं. माळव्याला दुष्काळ शिवत नाही अशी पिढ्यानपिढ्यांची समजूत होती. राजपुतान्यात पाऊस पडला नाही की तिकडची माणसं जनावरं घेऊन माळव्यात उतरत. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००, या साली माळव्याचाच पाऊस गेला. तो छप्पनिया काळ. आपल्या छप्पन दुकानांचा त्याच्याशी काही संबंध नाही, ती खरोखर मोजून छप्पन दुकानं, पण जुन्या मालवी म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘छप्पन’ या आकड्याचा स्वर वेगळा असायचा. अशा काळात राब पातळ होत जाते. भरड एक वाटी, पाणी आठ वाट्या. मग दहा. मग त्यात पाला. पोट भरल्यासारखं वाटावं आणि गरम असावं, एवढंच तिचं काम. आपण ज्याला दाट, भरपेट सूप म्हणतो तो वस्तुतः सुकाळाचा पदार्थ आहे. पातळात किती दाणा आहे यावरून वर्ष कसं गेलं ते कळायचं. आपल्या अनेक ‘चविष्ट’ पाककृतींची मुळं अशा वर्षांत आहेत, आणि वह्यांत ते लिहिलेलं नसतं. वह्या लिहिणाऱ्या घरांत त्या वर्षीही धान्य होतं.

वही कोणी लिहिली हा प्रश्न इथे टाळता येत नाही. मी आतापर्यंत सांगितलं ते बहुतेक शाकाहारी, लिहित्या-वाचत्या, कारकुनी घरांचं. पण होळकर धनगर. त्यांच्या फौजेतला, पागेतला, खिल्लारं राखणारा माणूस सार पीत नव्हता. मटण शिजवताना मसाला घालण्याआधी काढलेलं अळणी – हळद, आलं-लसूण आणि हाडांचा उतारा – हे त्याचं हिवाळ्याचं सूप. लहान मुलांना, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला ते आधी मिळे, मग उरलेल्याचा रस्सा. पायाही असाच, रात्रभर निखाऱ्यावर. राजघराण्याच्या बाजूने यातलं काही छापलं गेलं : शिवाजीराव आणि शालिनीदेवी होळकर यांचं ‘कुकिंग ऑफ द महाराजाज’ १९७५ला न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालं, आणि जवळच्या सैलान्याच्या दिग्विजयसिंहांचं पाकपुस्तक १९८२ला. दोन्ही इंग्रजीत. पागेतल्या माणसाच्या बायकोने काही लिहिलं नाही, लिहायला शिकवलंच नव्हतं.

महूची गोष्ट आणखी वेगळी. छावणी १८१८ची, आणि तिथल्या पलटणींत महार शिपाई होते. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा तिथलाच. वडील रामजी सुभेदार, सैनिकी शाळेत शिक्षक, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. म्हणजे इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आणखी एक मराठी इंदूर होतं, आणि आपल्या मंडळाच्या लेखांत त्याच्या चुलीचा धूर दिसत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचं जेवण लिहून ठेवलं, काय खावं लागलं आणि कसं खाल्लं, येसरासकट. तसं काम महूबद्दल व्हायला हवं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याडाळींचं मसालेदार पीठ. उकळत्या पाण्यात टाकलं की पाच मिनिटांत कालवण. पाकिटातलं सूप बाजारात यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे ते डब्यात होतं.

महूच्या गोऱ्यांच्या मेसमध्ये आणि इंदूरच्या रेसिडेन्सीत जे सूप चालायचं ते मलिगटॉनी, तमिळ मिळगु-तण्णीर, मिरपाण्याचं साहेबी रूप. मद्रासच्या कर्नल केनी-हर्बर्टने १८७८च्या आपल्या पुस्तकात ते नीट कसं करावं यावर बरंच डोकं चालवलंय. मराठी घरांवर त्याचा परिणाम मला दिसत नाही. परिणाम झाला तो टोमॅटोचा. त्याला जुन्या मराठीत वेलवांगी, बेलवांगी म्हणत. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तो उशिरा आणि दबकत शिरला. पण एकदा शिरल्यावर त्याने इंदूरच्या आंबटाचा दोनशे वर्षांचा प्रश्न एका फटक्यात सोडवला. हिवाळ्यात स्वस्त, ताजा, आंबट आणि रंगही सुंदर. आज इंदुरात ‘सार’ म्हटलं की दहांतल्या नऊ घरांत टोमॅटोचंच समजतात. ओल्या नारळाच्या दुधाऐवजी दोन डाव वरणाचं घोटलेलं पाणी घालायचं, ही इथली युक्ती. १९७०ला कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याची मापं घरोघर झाली, तेव्हा इथल्या बायकांनी त्यातल्या साराच्या कृतीशेजारी पेन्सिलीने ‘वरणाचं पाणी’ असं लिहिलेल्या दोन प्रती मी स्वतः पाहिल्यात. वेगवेगळ्या घरांतल्या.

मग लग्नाच्या रिसेप्शनमध्ये टोमॅटो सूप आलं, तळलेल्या पावाच्या तुकड्यांसह, स्टीलच्या कपात. गंमत अशी, की पावाचा तुकडा रश्शात बुडवणं हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. म्हणजे इंग्रजी सूप इंदूरच्या मंगल कार्यालयात येऊन आपल्या व्युत्पत्तीला परत भेटलं. नातवंडं आता घरच्या सारालाही सूप म्हणतात. आमच्या घरी यावर भांडणं होतात, माझा नातू म्हणतो, ‘आबा, पीना ही तो है, नाम से क्या?’ मी त्याला गुप्त्यांच्या पुस्तकाचं नाव दाखवतो. तो म्हणतो, बघा, सूपच लिहिलंय.

राहता राहिली कटाची आमटी आणि पाहुण्यांनी काढलेली शेव. कट हा होळी-पोळ्याचा, पण इथे मकरसंक्रांतीच्या सुमारालाही पुरणपोळी करणारी घरं आहेत, आणि भोगीच्या दिवशीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला भाजीबरोबर कटही लागतो. हरभऱ्याची डाळ शिजली की वरचं पाणी उपसायचं, त्यात डावभर शिजलेली डाळ घोटायची. भाजलेलं खोबरं, जिरं, लवंग, दालचिनी वाटून, चिंच-गूळ, काळा मसाला, आणि वरून कढीपत्त्याची खमंग फोडणी. ती पहिल्या दिवशी बरी लागते आणि दुसऱ्या दिवशी फार चांगली, मुरल्यावर. इंदूरचा माणूस ती वाटीत घेतो, वर लवंगी शेव भुरभुरतो, चिमूटभर जिरावन टाकतो आणि ‘आता बघ भिया’ म्हणतो. शेव लगेच खायची, अर्ध्या मिनिटात मऊ पडते.

आजीच्या वहीतली मक्याची पेज ज्यांना करून बघायची असेल त्यांच्यासाठी माप देतो. मक्याची भरड एक वाटी, आंबट ताक दोन वाट्या, पाणी पाच वाट्या. भरड गार ताकातच कालवून अर्धा तास ठेवायची, मग पाणी घालून चुलीवर चढवायची, आणि पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर ताक फुटतं. उकळी आली की आच अगदी बारीक. तासाभराने मीठ, भरडलेलं जिरं, आणि तुपात लाल केलेली लसूण. वहीत शेवटी एवढंच आहे : ‘वैलावर ठेवणे. सगळे जेवेपर्यंत उतरू नये.’